मांडवापुढची कदमताल

नवरदेवाच्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत यायला परण्याला घंटाभर सहज लागतो. पोट्टे नाचतात, घोडी अडते, म्हातारे पान खायला थांबतात. माझ्या लग्नात मी अजून बाशिंग बांधून घेत होते, तोवर परण्या अर्ध्याहून जास्त वाट तुडवून आला होता!

हे सगळं माझ्या होणाऱ्या सासऱ्यांमुळे. फौजेतून पेन्शनवर आलेले सुभेदार. पोराच्या लग्नात त्यांना त्यांच्या पलटणीचीच कूच, म्हणजे फौज चालताना वाजते ती धून, पाहिजे होती. गोऱ्यांच्या बँडात ती तीस-चाळीस जण वाजवत. मलकापूरच्या बँडमास्तरानं ती दहा माणसांवर बसवली, आणि बसवली झकास. पण तिची चाल काही हळू होईना. वऱ्हाडी धापा टाकत मागून येत होते.

इकडे माझा जीव टांगणीला. मामाचा पत्ता नव्हता. बाप गेल्यावर मला वाढवलं ते मामानं, मलकापुरात जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून. लग्न बापाच्याच दारात लागावं असा काकांनी हट्ट धरला, तो मामानं मुकाट्यानं ऐकला. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, ही रीत. त्याला दुपारपर्यंत सुटी मिळाली नव्हती. काका म्हणाले, "तो नाई आला तं मी उभा राह्यतो. लगन थांबते काय त्याच्यासाठी?"

वा रे वा! इतक्या वर्षांत मी जेवले का उपाशी, हे ज्यांनी विचारलं नाही, ते माझ्या पाठीशी उभे राहणार!

मी दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले. पायाला जशी भिंगरीच लागली होती. मावशी म्हणाली, "बस वं एका जागी." कूच जवळ जवळ येत होती. शेवटी मला राहवलं नाही. हळदीच्या लुगड्यात मी सरळ मांडवाबाहेर गेले आणि घोडीपुढे चालणाऱ्या सुभेदारांसमोर उभी राहिले. बायांनी तोंडाला पदर लावले.

"सुभेदारसाहेब, माया मामा आला नाई. तो येईलोक मी पाटावर उभी राहत नाई."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. वाटलं, मोडलं लग्न. मग ते बँडकडे वळून ओरडले, "कदमताल!"

म्हणजे वाजवायचं, पाय आपटायचे, पण पुढे सरकायचं नाही. बँड जागच्या जागी पाय आपटू लागला. व्याही, जावई, सगळे तसेच. धूळ मांडवाच्या वर गेली. भटजी हात जोडून म्हणाले, "मुहूर्त टळतो हो!"

"घड्याळ मायापाशी हाय, महाराज. वाजवा रे!"

कर्णेवाल्यांचे गाल फुगून लाल झाले. तीच कूच, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा. दिवस बुडायला आला. सुभेदारांनीही घड्याळ खिशात टाकलं आणि मला हातानं आत जायची खूण केली. मी रडतच पाटावर उभी राहिले. काका पुढे सरसावले, तेवढ्यात कुणीतरी त्यांना बाजूला केलं. माझ्या दंडाला कापसानं घासून खरबरीत झालेला हात लागला.

मी मान न वळवता फणकारले, "इतका येळ काऊन केला?"

मामाला धड श्वास घेता येत नव्हता. "गाडीचा बैल बसला नाल्यापाशी. पायीच निंघालो. दोनदा वाटलं, लागलं असीन लगन, आता जाऊन काय करू? पण बाजा वाजूनच राह्यला होता, माय. बंद झाला असता तं मी तठीच बसून राह्यलो असतो."