बालीच्या उंबऱ्यावरचा उतारा आणि आमची मामी

मामाला विमानाचं भ्याव वाटतं, म्हणून मी बालीला गेले.

बियाणं-खताचं दुकान असलेल्या लोकांना कंपन्या टूर देतात. ठरल्याइतका माल विकला की कंपनी कुठंतरी फिरवून आणते. कुंभार पिंपळगावला मामाचं कृषी सेवा केंद्र हाये. नववीतून शाळा सुटली तव्हापासून मी तिथंच काउंटरवर असते. पावत्या करते. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर मामाकडं बोट दाखवते. बोलायचं म्हणलं की मी पावतीबुकात डोकं घालते.

यंदा मामाला दोघांची टूर लागली. मामा म्हणे, "मी जमिनीवरच बरा हाये." मंग मामीनं मला पुढं केलं. म्हणली, "पोरगी सोबत असली म्हणजे मलाबी बरं." मला अठरा पूर्ण झालते, पासपोर्ट निघाला. आता दुकानात येणारे सगळे विचारून राह्यले, बालीत काय पाहायचं, खर्चा किती. तोंडानं सांगणं जमत न्हाई, म्हणून इथं लिहिते.

आधी जायचं कसं ते. गावातून जीपनं जालना, तिथून रातची मुंबईची रेल्वे, मुंबईवरून विमान. थंडीचं काही घेऊ नका, तिथं आपल्यासारखंच गरम हाये, फक्त घाम जास्त येतो. व्हिसा उतरल्यावर विमानतळावरच भेटतो. पाच लाख लागतात म्हणल्यावर आमच्यातले टेंभुर्णीचे काका खालीच बसले. तिथले पाच लाख म्हणजे आपले तीन हजाराच्या आत, हे नंतर कळलं. टेंभुर्णीला त्यांचं मामासारखंच दुकान हाये, मामाची अन् त्यांची जुनी वळख. टूरभर तेच आमच्या पुढं-मागं होते.

मुंबईला विमानाच्या लाइनीत एका दुकानदाराची बायको मामीशी बोलायला लागली. "पोरंबाळं किती?"

"एक मुलगी. चार वर्षांची. घरीच ठेवली."

"पहिलीच का?"

"हां, पहिलीच," मामी म्हणली.

ते खरं न्हाई, हे मला माहीत होतं. या मुलीच्या, गुड्डीच्या आधी मामीला मुलगा झालता, सातव्या महिन्यातच. दोन दिवस होता, मंग गेला. मामी तव्हा माहेरी, वाटूरला होती. त्याच्या आदल्या आठवड्यात फाट्यावर तिच्याकडून उतारा ओलांडल्या गेला. लिंबू, भात, अंडं, कोणीतरी अमावस्येला ठेवलेलं. घरातल्या बायका तेच धरून बसल्या, अन् मामीबी. त्या पोराचं नाव ठेवलं न्हाई, आता कोणी विषयबी काढत न्हाई. फक्त तव्हापासून मामी रस्त्यानं चालताना खालीच पाहून चालती.

पहिला दिवस कंपनीच्या मीटिंगमध्येच गेला. दुसऱ्या दिवशी गाडी करून अख्खं बेट फिरवणार होते, सोबत गाईड. सकाळी आम्ही हॉटेलच्या पायरीवर आलो अन् मामीनं माझा दंड असा धरला की वळ उठला.

पायरीवर नारळाच्या पानाची छोटी परडी होती. फुलं, बिस्किटाचा तुकडा, उदबत्ती. तिच्या बाजूला केळीच्या पानावर भात, वर कांदा, आलं, मीठ.

"उतारा हाये," मामी म्हणली. "मागं हो."

आम्ही बाजूच्या दारानं गेलो. तिथंबी तेच. शेजारच्या दुकानापुढं, एटीएमपुढं, झाडाखाली, सगळीकडं. मी गाडीकडं पाहिलं तर ड्रायव्हरच्या पुढं काचेपाशीबी परडी, फुलं हलून राह्यलेली.

टेंभुर्णीचे काका म्हणले, "वहिनी, यांच्याकडं रोजच अमावस्या दिसती."

मामी हसली न्हाई. गाईड आला, वायान त्याचं नाव, मामाच्याच वयाचा, डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं. भारतातल्या लोकांना फिरवून फिरवून हिंदी शिकलता. तो म्हणला, "मॅडम, ये पूजा है. रोज सुबह रखते हैं."

"किसको रखते?" मामीनं विचारलं.

"ऊपर वाला भगवान को. नीचे वाला बुता को. भूखा रहेगा तो तकलीफ देगा."

मामी माझ्याकडं वळली. "बघ. भूतच म्हणून राह्यला तो."

गाडीत ती मागच्या सीटवर जाऊन बसली, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, आता ही दिवसभर उतरत न्हाई. दुपारपर्यंत तसंच झालं. पहिल्यांदा नाच पाहायला नेलं, सिंहासारखं सोंग घालून नाचतात. मामी गाडीतच. मंग पवित्र झऱ्याचं मंदिर. कमरेला लुंगीसारखं कापड गुंडाळल्याशिवाय आत सोडत न्हाईत, ते तिथंच भेटतं. आपल्यासारखंच, पाळीच्या दिवसांत बायांनी आत जायचं न्हाई, तसा बोर्डच हाये गेटवर. आत हौदाला दगडी तोट्यांची रांग, लोक एकेका तोटीखाली डोकं धरतात. पाणी असं गार की मामीनं पाहायलाच पाहिजे होतं. मी तिला बाटलीत भरून आणलं. तिनं डोळ्यांना लावलं, पण खाली काही उतरली न्हाई.

"लाखभराची टूर अन् गाडीचे पडदे पाहायला आल्या का वहिनी?" काका म्हणले.

"तुम्ही पाहा ना. मला सांगा रातच्याला," मामी म्हणली.

रस्ते चांगले हायेत, पण अरुंद, अन् स्कूटरी लई. थोडंसं अंतर जायला तास लागतो, त्यामुळं सकाळी जल्दी निघा. वाटेत वायान माइकवर नावांचं सांगत होता. त्यांच्याकडं पोरांची नावं नंबरानं ठेवतात. पहिलं झालं की वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं कतूत. मुलगा असो का मुलगी.

"अन् पाचवं झालं तर?" काकांनी विचारलं.

"फिर से वायान."

"म्हणजे पिकाची फेरपालट," काका म्हणले, अन् सगळी गाडी हसली. मागं वळून पाहिलं तर मामीच्याबी तोंडावरचा पदर थोडा हलला होता.

पुढं कॉफीच्या बागेत नेलं. तिथं एक कॉफी उदमांजराच्या विष्ठेतल्या बियांची असते. काकांना हे दोन कप पिल्यावर सांगितलं. बाकी कॉफ्या फुकट चाखायला देतात, ही तेवढी इकत हाये. घेऊ नका, घरची बरी.

जेवण इंडियन हॉटेलात होतं, पण वरण गोड. आमच्याकडं दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी होती, त्याच्यावर निभलं. जाणाऱ्यांनी चटणी न्याच.

दुपारी भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतावर आलो. ते पाहण्यासारखं हाये. अख्खा डोंगर कापून शेत केलेलं, वरचं पाणी खालच्या वाफ्यात, त्याचं पाणी आणखी खाली. पाण्याची पाळी मंदिरात बसून ठरवतात म्हणे. आमचे सगळे दुकानदार फोटो काढायचं सोडून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसले अन् पानं उलटीपालटी करून पाहायला लागले. "करपा हाये का रे?" "न्हाई, युरिया कमी पडला." मीबी एक पान पाहिलं. काही झालेलं नव्हतं, भात निब्बर होता.

मामीला इथं उतरावंच लागलं, कारण गाडी वर लावून ड्रायव्हर जेवायला जाणार होता. ती माझा हात धरून पायऱ्या उतरायला लागली. तिसऱ्या वळणावर पायरीच्या बरोबर मधोमध परडी. बाजूनं जायला जागा न्हाई, एकीकडं पाणी, एकीकडं खोल. मागून लोक येऊन राह्यलेले. मामी थांबली, ती थांबलीच.

वायान खालून वर आला. "क्या हुआ?"

मामी माझ्या कानात म्हणली, "त्याला विचार, पोटुशी बाईनं हे ओलांडलं तर काय होतं."

मी म्हणलं, "मामी, मी न्हाई."

"विचार ना गं. मला न्हाई विचारता येत."

काका मागंच उभे होते. मला वाटलं जमीन फाटावी. पण मामी माझा हात सोडत नव्हती, अन् उन्हाचा कहर चालू होता. मी खाली पाहूनच म्हणलं, "भैया, पेट में बच्चा है, और कोई इसके ऊपर से गया, तो क्या होता?"

वायाननं मामीच्या पोटाकडं पाहिलं अन् हसून हात जोडले. त्याला वाटलं खुशखबर हाये.

"अभी नहीं," मी म्हणले. "पहले."

त्याचं हसू गेलं. काकांना काय समजलं काय माहीत, ते मागच्या लोकांना "थांबा जरा, फोटो चालू हाये" म्हणत वर घेऊन गेले.

वायान परडीपाशी उकिडवा बसला. "अगरबत्ती बुझ गयी, देखो. अब मुर्गी खायेगी, कुत्ता खायेगा. कुछ नहीं होता. मेरी बीवी रोज रखती. पेट में बच्चा था तब भी रखती, तब भी ऊपर से जाती."

आता मामी स्वतःच बोलली. "तुम्हारे कितने बच्चे?"

"तीन. वायान, मादे, न्योमान." मंग तो म्हणला, "वायान नहीं है. छोटा था, तब गया."

मामी म्हणली, "फिर दूसरे को वायान क्यों नहीं बोले?"

त्याला प्रश्नच समजला न्हाई असं त्यानं पाहिलं. "वो तो मादे है. वायान हो गया ना. मादे को पहला कैसे बोलेगा?"

त्यानं परडी उचलून बाजूच्या दगडावर ठेवली, वाट मोकळी केली, अन् खाली निघून गेला.

मामी म्हणली, "यांनी तर रोज ठेवलं. तरीबी गेलं."

ती पायरी उतरली. खाली वाफ्याच्या कडेला आम्ही बसलो, पाण्यात पाय सोडून. काका दोन शहाळे घेऊन आले, आपल्या दीडशे रुपयाला एक. "घ्या वहिनी. घरी सांगू नका मी एवढे महाग घेतले म्हणून, धंद्यात नाव खराब होईल."

शेवटचं ठिकाण समुद्रातलं मंदिर. खडकावर हाये, ओहोटी असली की चालत जाता येतं, वर चढू देत न्हाईत. गर्दी भरपूर. बाहेर कपड्यांची दुकानं, भाव निम्म्यावरून सुरू करा. गाडीपासून मंदिरापर्यंत उंबऱ्या-उंबऱ्याला परड्या होत्या. मामी त्या पाहतच चालली, बाजूनंच चालली, पण माझा दंड धरला न्हाई.

खडकाखाली गोड्या पाण्याचा झरा हाये. पुजारी ते पाणी शिंपडतो, कपाळाला तांदूळ लावतो अन् कानामागं चाफ्याचं फूल खोसतो. जे वाटेल ते पेटीत टाकायचं. मामी रांगेत उभी राहिली. परत येताना तिनं कानामागचं फूल काढलं, वाटेवर एक विझलेल्या उदबत्तीची परडी होती, तिच्यात ठेवलं. डोक्यावर पदर घेऊन थोडी थांबली. मी समुद्राकडं पाहत राह्यले. सूर्य ढगात गेला, मावळताना काही दिसला न्हाई. इंटरनेटवरचे फोटो पाहून जाऊ नका, ढग असले की असंच असतं.

परत येताना मुंबई, रातची गाडी, जालना, जीप. गुड्डीला लाकडाचा बेडूक आणला, पाठीवरून काडी फिरवली की टर्र वाजतो. आवाजाला कंटाळून दोन दिवसांत मामानं तो दुकानातल्या कपाटावर ठेवला.

मनात काय राह्यलं म्हणाल तर, भाताचं शेत राह्यलं, झऱ्याचं पाणी राह्यलं. मी एका अनोळखी माणसाला प्रश्न विचारला, तेबी. बाकी दुकानात मी अजूनबी मामाकडंच बोट दाखवते.

परवा एक बाई नवऱ्यासोबत सरकीचं बियाणं न्यायला आल्ती. गुड्डी काउंटरखाली खेळून राह्यली होती. बाई म्हणली, "गोड हाये पोरगी. पहिलीच का?"

मामी पाकिटं मोजत होती. मोजतच म्हणली, "न्हाई. दुसरी."

"मोठं कुठं हाये मंग?"

"तो मुलगा होता. सातव्या महिन्यातच झाला, दोन दिवसांत गेला."

मामानं कॅल्क्युलेटरवरून मान वर केली. मामीकडं पाहिलं. मंग उठला, कपाटावरचा बेडूक काढला अन् गुड्डीच्या हातात दिला.