भेदभाव नाही, लिहून घे!

कॉलेजच्या समान संधी समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझी निवड झाली, कारण निवडीच्या दिवशी मी गैरहजर होतो! काम एकच, बोललं जाईल ते वहीत लिहायचं. दोन वर्षांत किश्शांनीच वही भरली. पण त्यात कुणावर अन्याय झाला आणि कुणाचा सत्कार, हे मला अजून धड कळलेलं नाही.

*

पहिल्या सभेत समितीच्या अध्यक्ष सरांनी विचारलं, "आपल्याकडे कुणाला भेदभाव जाणवतो का?"

मागून रूपालीने हात वर केला. रूपाली आमच्या वर्गातली, मालवणची, घरी मासेमारी.

"प्रश्न शेवटी घेऊ," सर म्हणाले. शेवटी चहा आला. मी लिहिलं : भेदभाव नाही.

*

रूपालीच्या डब्यात सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, खोबरं घातलेली किसमूर असली की मुली तिला आग्रहाने खिडकीजवळ बसवायच्या. "वारो लागांदे गो!" डबा उघडला की त्याच मुलींचे हात खिडकीपर्यंत पोचायचे!

हे वहीत सोय म्हणून लिहू की तक्रार म्हणून? मी तिलाच विचारलं.

"माका काय विचारतस? माका एकय सुंगट गावला नाय!"

*

वर्गात रूपाली "सर खंय आसत?" म्हणाली की आमच्या समितीवरच्याच मॅडम ओरडायच्या, "नीट बोल!" म्हणून बोलीभाषा दिनाला तिने अगदी नीट मराठीत भाषण केलं. मॅडम हिरमुसल्या. "अगं, तुमच्या भाषेत बोल ना, पाहुणे आलेत!"

*

रूपालीला तीन वर्षं एकच गोष्ट हवी होती, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन. यंदा शेवटची संधी. "तुका जमतला काय?" असं तिला विचारणारा पहिला माणूस मीच, समितीचा प्रतिनिधी! आठवलं की लाज वाटते.

पक्षपात नको म्हणून समितीने निवड पडद्याआडून ठेवली. नाव नाही, फक्त नंबर. चार नंबरचा आवाज आला आणि सर, मॅडम दोघंही सरसावून बसले. खणखणीत, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"हीच!" मॅडम म्हणाल्या. "चांगल्या घरचं वळण लपत नाही. लिहून घे!"

मी लिहिलं. पडदा सरकला. रूपाली!

सरांनी विचारलं, "बाळा, असा आवाज कुठे कमावलास?"

"बंदरार, सर. आवशीवांगडा माशांचो लिलाव पुकारतंय."

आईबरोबर लिलाव, हे ऐकून सरांनी मान डोलावली, तिचं नाव जाहीर केलं. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "ते 'चांगल्या घरचं' वाक्य तेवढं खोड."