सवतीच्या पानावरची बाटली

ती बाटली मी डोळ्यांनी भरलेली कधी पाहिली नाही, तरी ती अजून नजरेसमोरून जात नाही. मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन घरी बसलो. लिहिण्याची सवय स्टेशन डायरीपुरतीच, तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मानकोलीला भातशेती जाऊन गोदामं उभी राहत होती. तिथल्या एका जमीनमालक शेठने ठाण्यात तक्रार दिली की घरातली एक दारूची बाटली चोरीला गेली. आमचे हवालदार हसले. शेठ हसला नाही. "ती माझ्या पहिल्या बायकोची हाय," म्हणाला.

त्याच्या गोदामात एक कंपनी परदेशी माल ठेवायची. तिचा फ्रान्सचा पाहुणा आला होता, त्याने शेठला आणि त्या पहिल्या बायकोला ही बाटली भेट दिलेली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की फोडू, असं बायकोने ठरवलं आणि शोकेसमध्ये ठेवली. त्याआधीच ती आजाराने गेली. पोरं लहान, म्हणून शेठने वर्षाने दुसरं लग्न केलं. बाटली मात्र तशीच राहिली. रोज सकाळी तो ती स्वतः पुसायचा. शोकेसची चावी त्याच्या कमरेला.

माल काय ते कळावं म्हणून मी कंपनीच्या मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, बोर्डो म्हणून मुलूख आहे, तिथली लाल वाइन. चांगल्यातली. जुनी होईल तशी मुरते, पण अंधारात, थंडाव्यात, आडवी ठेवली तर. तोंडाला बूच असतं, ते ओलं राहावं लागतं. शेठने ती उभी ठेवलेली, ट्यूबलाइटखाली. "त्यांना सांगू नका, पण तिचा आंबून सिरका झाला असेल," मॅनेजर हळूच म्हणाला.

मग पडघ्याच्या खबऱ्याने टीप दिली. शेठचा ड्रायव्हर ढाब्यावर बसून फॉरेनची पिल्याच्या बढाया मारत होता. त्याला उचलून आणला. उत्तर प्रदेशचा माणूस, बायको गावाला, नोकरी गेली तर घर बसलं. ठाण्यात बाकावर बसवून दरडावून विचारताच तो कबूलच झाला. "हां साहब, पी ली."

मी विचारलं, "खोली कैसे?"

"ढक्कन घुमाया, साहब."

मी कागद बाजूला सारला. घाबरलेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, पण बूच फिरवून निघत नाही. ढाब्यावर त्याने नुसती शेखी मिरवली होती.

पंचनामा पुन्हा डोक्यात घोळवला. बाटलीच्या शेजारी चांदीचं तबक होतं, ते जागेवर. कुलूप शाबूत. पोटासाठी चोरणारा तबक सोडत नाही. जळणारा सोडतो. त्याला वस्तू नको असते, ती दुसऱ्याकडे नको असते.

घरी जेवताना हे बोललो, तर आमची बायको वाढता वाढता थांबली. "अहो, बाटली गेली कधी? अविधवा नवमीला ना? ज्या सवाष्णी गेल्या त्यांचं पितृपक्षातलं पान त्या दिवशी ठेवतात. त्या घरात ते दुसरीनंच रांधलं असणार. पानाला कावळा शिवला का, एवढं विचारा तिला."

दुसऱ्या दिवशी महिला शिपाई बरोबर घेऊन गेलो. शेठ बाहेर गेला होता. बाईने पाणी दिलं. गळ्यात मंगळसूत्राबरोबर सवतीचा टाक होता. दुसरेपणावर आलेल्या बायका घालतात तो, मेलेलीच्या नावाचा चांदीचा पत्रा.

मी म्हणालो, "ताई, नवमीला कावळा शिवला का?"

तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आधी सांगा, ड्रायव्हरला मारलं तर न्हाय ना?"

"न्हाय. पण तुम्ही बोलला न्हाय तर तो आत जाईल."

ती आम्हाला गच्चीवर घेऊन गेली. कठड्याच्या चुन्यावर लाल ओघळ वाळला होता. ती सांगू लागली. पान मांडलं तेव्हा कावळे येऊन बसले, पण शिवेनात. जावा, नणंदा हिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. सवतीने मनापासून रांधलं नसेल, असं एक जण बोललीही. मग वाट बघून कंटाळल्या आणि सगळ्या जेवायला खाली गेल्या. शेठ उन्हातून येऊन पुन्हा आंघोळीला गेला होता, कमरेची चावी खुंटीला. हिने बाटली काढली, स्क्रूड्रायव्हरने बूच आत ढकललं आणि पेला भरून पानाजवळ ठेवला.

"तिचा टाक घालते, तिची पोरं माझी म्हणून वाढवते, फोटोला हार घालते. त्याचं काय न्हाय, दादा. पण तो माणूस सकाळी उठून ती बाटली पुसायचा. माझ्याकडं तसं एकदा तरी बघितलं का? म्हटलं, तिचा जीव यातच अडकलाय. घे बाई, पी, आणि जा."

"मग?"

"पेला ठेवला तसा शिवला. मी बोट लावून चाखली. आंबट. याच्यासाठी मी एवढी जळले."

बाकीची वाइन तिने मोरीत ओतली होती. रिकामी बाटली तिने काढून दाखवली.

शेठला आणि बाईला ठाण्यात बोलावून त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, हिला आता माहेरी धाडणार. पण त्याने बायकोलाच विचारलं, "लगेच शिवला?"

"लगेच."

"मग गेली ती," म्हणाला आणि आमच्यासमोर रडला. तक्रार गैरसमजातून दिली, असा जबाब लिहून दिला. ड्रायव्हरला म्हणाला, गाडी काढ. नेहमी पुढे बसणारा शेठ त्या दिवशी मागे, बायकोजवळ बसला.

या केसने मला शिकवलं की जळण्याचा गुन्हा दिसला तर आधी घरात बघावं. परका माणूस लुटतो, एवढा जळत नाही.

आमची बायको गेल्या वर्षी गेली. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. मी हात जोडायच्या आत कावळा शिवला. भावकी म्हणाली, भाग्यवान बाई, कशात मन राहिलं नाही. मी मान हलवली. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला त्या शेठचा हेवा वाटला. त्याची एक बायको त्याच्या घरात अडकून राहिली, दुसरी त्याच्यापायी जळत होती. माझी इतकी सुखाने निघून गेली.

घरी येऊन मी तिची ट्रंक उपसली, फडताळ उपसलं. एखादी तरी वस्तू असेल, जिच्यात तिचा जीव अडकावा. अजून सापडलेली नाही. तपास मी बंद केलेला नाही.