सावळेकाकांचं लायसन्स

आमचे शेजारी सावळेकाका पेशंटच्या नाडीला हात लावण्याआधी छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवत आणि तो मोठ्याने वाचून दाखवत: फिजिशियन असिस्टंट. कायद्याला तेवढं लागत नव्हतं, काकांना लागे. "नियम आहे ना बाप्पा, मग पुरता पाळायचा."

परतवाड्यात त्यांचा दवाखाना जोरात चालत असे. मुलीमागोमाग ते शिकागोला आले. इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षा काही जमेनात, तेव्हा नातवंडं शोभतील अशा मुलांबरोबर पुन्हा वर्गात बसून त्यांनी हे डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं लायसन्स मिळवलं. त्या काळी आमच्या राज्यात असिस्टंटने पेशंट तपासावा, पण औषध लिहून देऊ नये, असा कायदा होता. मराठी मंडळात कोणी साध्या खोकल्याचं विचारलं तरी काका हात जोडत, "तुमच्या डॉक्टरला फोन करा." पाठीमागे लोक त्यांना भित्रे म्हणत. मला फार राग येई.

घोळ झाला तो काकूंमुळे. आपल्याकडे डॉक्टरांच्या बायका म्हणतात, तशा त्या लग्नापासून नवऱ्याला 'डॉक्टर'च म्हणत. 'अहो' त्यांच्या तोंडात कधी बसलंच नाही. एकदा घरी राहिलेला डबा घेऊन त्या काकांच्या शॉमबर्गच्या क्लिनिकमध्ये गेल्या आणि भरल्या वेटिंग रूममध्ये हाक मारली, "डॉक्टर, डबा!" एका पेशंटने राज्याच्या बोर्डाकडे तक्रार केली की हा माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवून घेतो. लायसन्स जायची वेळ आली.

सुनावणीला काकूंची दुभाषी म्हणून मी गेले. अधिकारी बाई सभ्य होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "तुमचे यजमान डॉक्टर आहेत का?"

मी मराठीत सांगितलं. काकूंनी काकांकडे पाहिलं. काका टेबलाकडे बघत होते.

"नाहीत," काकू म्हणाल्या. मी ते इंग्रजीत सांगितलं.

समज देऊन बोर्डाने लायसन्स कायम ठेवलं. परतताना गाडीत काकूंनी विचारलं, "आता तुम्हाला काय म्हणू?"

"काही म्हणू नको. मी आहेच ना," काका म्हणाले.

त्यानंतर काकूंनी त्यांना कधी हाक मारली नाही, घरातसुद्धा. चहा झाला की दारात येऊन उभ्या राहत. काका वर बघत आणि उठत.

काही वर्षांनी हॉस्पिटलमध्ये काका गेले, तेव्हा काकू पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या. नर्सने काकांच्या चेहऱ्यावर चादर ओढली तरी हलेनात. मी खांद्यावर हात ठेवला, तर हळूच म्हणाल्या, "थांब जरा. बघतील वर."