मेलेल्याचं रक्त उतरत होतं

रोह्याच्या केमिकल कंपनीत मी नोकरीला लागले तेव्हा संगणकाच्या खोलीत एकच एसी होता, तोही माणसांसाठी नव्हे, संगणकासाठी. पेणहून एसटीत धक्के खात यायचं आणि दिवसभर कुडकुडत बसायचं. कीटकनाशकाच्या प्लान्टमधल्या माणसांचं रक्त दर महिन्याला तपासायचे. विष अंगात मुरलं की रक्तातला एक आकडा उतरतो. फार उतरला तर माणसाला ताबडतोब प्लान्टबाहेर काढायचं, नाहीतर श्वास कोंडून मरतो. आकडा कोणाचा उतरला ते माझा प्रोग्रॅम सांगायचा. माझा धाकटा भाऊ त्याच प्लान्टमध्ये होता, त्यामुळे धोक्याची यादी छापली की मी आधी त्याचं नाव शोधायचे. नसायचं. मग चहा गोड लागायचा.

प्रोग्रॅम माझ्याआधीच्या गृहस्थांनी लिहिलेला. सगळं छापून झालं की शेवटी एक इशारा उमटायचा, दोन रकान्यांची लांबी जुळत नाही म्हणून. कुठल्या ओळीत, ते मात्र गुलदस्त्यात. साहेबांना विचारलं तर म्हणाले, "इशाराच आहे ना, चूक तर नाही ना? मग चालू द्या." साहेबांच्या बापाचं काय जात होतं!

एका दुपारी यादीत एक नाव आलं आणि मी ते दोनदा वाचलं. तो माणूस उन्हाळ्यात वडखळच्या नाक्यावर ट्रकखाली गेला होता. माझ्या भावाचा जिगरी दोस्त, रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात दोघांच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. भावाने त्याला खांदा दिलेला. मी मागच्या महिन्यांचे आकडे काढून बघितले. मेल्यानंतरही दर महिन्याला त्याचं रक्त होतं, आणि दर महिन्याला ते उतरत होतं. अगंबाई, मेलेल्याचं रक्त काढतंय तरी कोण? भरदुपारी अंगावर काटा आला. खुर्चीमागे कोणी उभं आहे असं वाटून मी सारखी वळून बघत होते.

मग मात्र मी हट्टाला पेटले. प्रोग्रॅम ज्या पॅकेजवर चालायचा त्याला एक हुकूम देता यायचा: इशारा आला की त्यालाच चूक मान आणि तिथेच थांब. दिला. प्रोग्रॅम मधेच अडला. प्रोग्रॅमच्या कोणत्या तुकड्याने कोणत्या तुकड्याला हाक मारली होती, ती साखळी उलटी धरून मी मागे मागे गेले. छपाईच्या आधी यादी, यादीच्या आधी तुलना, आणि तुलनेच्या जागी नावांचा रकाना रक्ताच्या रकान्यापेक्षा एका माणसाने लांब. नावं टाइम ऑफिसातून यायची, रक्ताचे आकडे दवाखान्यातून. दोन्हींचा क्रम टोकन नंबरचा, म्हणजे कामगाराच्या हजेरीच्या बिल्ल्याचा. प्रोग्रॅम डोळे मिटून ती शेजारी शेजारी लावायचा.

टाइम ऑफिसला फोन केला. हजेरीवाला शांतपणे म्हणाला, "बाई, वर्सश्राद्ध होईपर्यंत आमी टोकन उतरवत नाय. जागा खाली दिसली का ती दुसऱ्याला वढते. प्लान्टमधल्या पोरांनीच सांगितलंय, नाव ऱ्हाऊ दे."

म्हणजे मेलेल्याचं रक्त नव्हतंच. त्याच्या पुढच्या टोकनवाल्याचं रक्त एक घर वर सरकून त्याच्या नावावर बसलं होतं, आणि तिथून खाली सगळ्यांचंच सरकलं होतं. पुढचं टोकन कोणाचं? हे दोघं दोस्त तर एकाच दिवशी, एकामागोमाग एक भरती झालेले. पुढचं टोकन माझ्या भावाचं होतं.

फोन तसाच लोंबकळत टाकून मी धावले. प्लान्टच्या दारात सुपरवायझरवर ओरडले, "माझ्या भावाला बाहेर काढा, आत्ताच्या आत्ता!" भाऊ आला तो घामाने निथळत, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. म्हणाला, "उकाडा हाय गो ताई, दुसरं काय नाय." सरळ गाडीत घालून दवाखान्यात नेला.

बरा होऊन खाटेवर बसला तेव्हा मी त्याला सगळं समजावलं. दोस्ताचं नाव फाइलीतून काढायला लावलंय, हेही सांगितलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "म्हंजे माझं दुखणं तो आपल्या नावावर घेत व्हता. आनि तू त्यालाच घालवलास."

माझं टाळकंच सटकलं. "घेत होता? मेल्या, लपवत होता तो! तुला सोबत न्यायला टपून बसला होता!"

बोलून गेले आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. भाऊ फक्त खाटेवर माझ्याकडे जरा सरकला आणि पलीकडे एका माणसापुरती जागा केली.