काकांच्या गळ्यातली टकटक

गॅसचा लायटर न पेटता नुसताच टकटकला, की माझा हात आजही थांबतो.

भिलाईच्या कारखान्यात भंगाराचा प्रत्येक ट्रक किरणोत्सर्गासाठी तपासणं माझं काम होतं. एका दुपारी ट्रकभोवती फिरताना हातातला मीटर टकटकू लागला. मी ट्रकपासून मागे सरकलो, तर टकटक वाढलीच. वळून पाहिलं. क्रेनवाले वाघमारे काका ट्रक रिकामा करू का, हे विचारायला येत होते. ते थबकून मागे गेले, तसा मीटर मंदावला. मीच पुढे झालो. मीटर त्यांच्या छातीवरून वर नेला, तर गळ्याशी त्याची टकटक थांबेचना.

"काका, हे कावून होऊन राहिलं?"

"गळ्यात गाठ हाये. नागपूरले किरणांचं औषध पाजलं, तेच बोलून राहिलं. डॉक्टर म्हणे, काही दिवस लोकांपासून दूर राहा."

"मग सांगितलं कावून नाही?"

"तुमी भेले असते ना बापा."

आठवडाभर काका जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन लांब कडुलिंबाखाली एकटेच बसत होते. आम्ही समजत होतो, ते आमच्यावर रुसलेत.