शैलावहिनीचा जुलै

दादाचा फोन आला तेव्हा मी फ्रीमाँटच्या देशी किराणा दुकानाबाहेर एका माणसाशी भांडत होते. त्याने माझ्या गाडीच्या दारावर सामानाची कार्ट आदळली होती आणि वर मलाच नीट पार्क करायला शिकवत होता. दादा एवढंच म्हणाला, "शैला गेली गं…" मी त्या माणसाला "इट्स ओके" म्हटलं, गाडीत बसले आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. तो बिचारा बाहेर उभाच. त्याला वाटलं, दाराच्या ओरखड्यासाठी ही बाई एवढी रडतेय. शेवटी मला काच खाली करून त्यालाच धीर द्यावा लागला.

संध्याकाळपर्यंत इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर संदेशांची रीघ लागली. प्रेमळ, मनमिळाऊ, सुगरण, सदा हसतमुख… वाचता वाचता माझ्या डोक्यात तिडीकच गेली. सगळं खरं आहे हो, सुगरण तर होतीच. पण ही बाई जुलैच्या उन्हात, पारा एकशे चार फॅरनहाइटवर असताना, धनुष्यबाण घेऊन कोरड्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जायची, हे एकानेही लिहू नये? काहींना ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांना ते गेलेल्या माणसाबद्दल बोलण्यासारखं वाटलं नसावं. मला मात्र वाटतं. मी तिची नणंद, जन्माची शाकाहारी, सदाशिव पेठेतली, आणि हे लिहायला मला सात आठवडे लागले, कारण आधी राग यायचा आणि मग रडू.

वहिनी अमरावतीची. कॉलेजात असताना तिथल्या मैदानावर बांबूच्या धनुष्याने तिरंदाजी करायची, जिल्ह्यापर्यंत खेळली होती. मग दादाशी लग्न झालं, अमेरिका झाली, ईरा झाली, एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी झाली, आणि धनुष्य कुठल्या कुठे राहिलं. ईरा कॉलेजला गेली त्या वर्षी ही एकदा सहज गावाबाहेरच्या तिरंदाजीच्या रेंजवर गेली आणि महिन्याभरात दोन्ही टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य घेऊन घरी आली. आम्हाला वाटलं, बरं झालं, हौस आहे, करू दे. पुढच्या वर्षी तिने शिकारीचा सरकारी कोर्स केला, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क आणले आणि जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "मी हरणाचा टॅग काढलाय." टॅग म्हणजे एका हरणाचा परवाना. ईरा म्हणाली, "आई, आर यू सीरियस?" दादा वरणभात कालवत राहिला. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. मी म्हटलं, "वहिनी, हरीण? अगं, कोंबडी मिळते की दुकानात!" ती शांतपणे म्हणाली, "ती कुणीतरी मारलेलीच असते ना, वन्सं?" चिडली की ती मला वन्सं म्हणायची.

आमच्या भागात बंदूकवाल्यांच्या आधी धनुष्यवाल्यांना मोसम मिळतो आणि तो येतो ऐन जुलैत. डोंगर वाळून पिवळे झालेले, ओढे आटलेले. हरणं दिवसभर ओकच्या सावलीत पडून राहतात, पहाटे पाण्यावर येतात तेवढीच. त्यात त्यांचं नाक म्हणजे काय सांगू! वहिनीच्या घरी मोसमाच्या आठवडाभर आधीपासून फोडणी बंद. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण बंद व्हायचा, तसा हिच्याकडे जुलैत हिंग बंद. कपडे वासाच्या साबणाने धुवायचे नाहीत आणि घरात वाळत घालायचे नाहीत. वारा कुठून येतो ते बघायला खिशात तांदळाच्या पिठाची छोटी बाटली. दादा दूधभात खाऊन ऑफिसला जायचा आणि चकार शब्द काढायचा नाही. मीच एकदा जेवायला गेले आणि बिनफोडणीची आमटी बघून फणकारले. मला म्हणते, "त्याच्या घरी जायचं तर त्याच्या नाकाचा मान ठेवायला नको?"

खरा कहर झाला तो धोतरांवरून. उन्हात मांस तासाभरात खराब व्हायला लागतं. म्हणून जागच्या जागीच हरीण सोलायचं, तुकडे हवा खेळेल अशा सुती पिशव्यांत घालायचे आणि तडक बर्फात ठेवायचे. एक दिवस मी तिच्या गराजमध्ये गेले तर बाई मशीनवर पिशव्या शिवतेय, आणि कापड ओळखीचं. माझ्या वडिलांची धोतरं! आयुष्यभर अंड्याला न शिवलेल्या माणसाची धोतरं! मी जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "बाबांचं धोतर, चांगलं सुती. तू ट्रंकेत ठेवून कसर लावणार. मी त्यातून एका जिवाचं मांस वाया जाऊ देणार नाही. बाबा काय म्हणाले असते?" बाबा ताटात शीत टाकू द्यायचे नाहीत. मी पाय आपटत घरी आले, पण धोतरं परत मागितली नाहीत.

आता जे लिहायचंय ते मला सोपं नाही. सहा वर्षांपूर्वी दादाची कंबर धरली होती, म्हणून गाडी चालवायला आणि बर्फ सांभाळायला मी तिच्यासोबत गेले. दुधाच्या रिकाम्या गॅलनच्या कॅनमध्ये पाणी गोठवून दोन मोठे कूलर भरले होते. ती अंधारातच वर पाण्याच्या झऱ्यापाशी जाऊन बसली, मी खाली ओकच्या झाडाखाली खुर्ची टाकून. आठच्या सुमाराला ती खाली आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "लागला… पण मागे लागला. पोटात." आरपार गेलेला बाण तिने उचलून आणला होता, त्याला आतड्यांचा वास येत होता. छातीत बाण लागला तर हरीण शंभर पावलांत पडतं, अर्ध्या तासाने जाऊन आणायचं. पोटात लागला तर ते जवळच कुठेतरी आडवं होतं आणि सावकाश मरतं, आणि सहा तास तरी त्याच्या मागे जायचं नाही, कारण आपली चाहूल लागली की तशा अवस्थेतही उठून पळतं. हे सगळं तिने मला नीट समजावून सांगितलं. पण साडेनऊलाच ऊन चटके देत होतं. मी घड्याळ बघत होते, आणि माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. "अगं सडेल ते! सहा तास काय बसून राहतेस? ते तिकडे तडफडत असेल आणि तू इथे नियम सांगतेस!" मी तिच्या मागेच लागले. दहा वेळा बोलले असेन. शेवटी ती उठली.

रक्ताचे थेंब बघत आम्ही चढलो आणि चाळीस पावलांवरच्या झुडपातून ते उठलं. उठलं, आमच्याकडे बघितलं… ते डोळे मी विसरणार नाही. आणि दरी ओलांडून पलीकडे गेलं. वहिनी जागीच बसली. नंतर सहा तास शोध चालला. माझं डोकं गरगरायला लागलं तेव्हा मला सावलीत बसवून ती एकटी शोधत राहिली. दुपारी चारला तिची हाक आली, मी गेले, तर ते एका कोरड्या ओढ्यात पडलेलं, माशांनी झाकलेलं. तिने सुरी काढली, मांडीच्या हाडापर्यंत कापून वास घेतला आणि मान हलवली. सगळं गेलं होतं. मग तिने खिशातून टॅग काढला, त्यावर त्या दिवसाच्या तारखेची खाच कापली आणि त्या वाया गेलेल्या हरणाच्या शिंगाला बांधला. म्हणजे तो परवाना वापरला, त्या वर्षीची शिकार संपली. मैलभर परिसरात कुणी नव्हतं. मी म्हटलं, "कुणाला कळणारे वहिनी?" ती म्हणाली, "मला." मी रडायला लागले तर माझ्याकडे वळून म्हणते, "काहून रडतेस? बाण मी सोडला ना."

घरी येऊन तिने दादाला सांगितलं, "घाई माझी झाली." ईराला फोनवर तेच सांगितलं. रेंजवरच्या म्हाताऱ्या धनुर्धरांनी विचारलं तर त्यांनाही तेच. ती जाईपर्यंत तिने कधी, भांडणातसुद्धा, माझं नाव घेतलं नाही. खरं म्हणजे घाई माझी होती. हे मी आज पहिल्यांदा सांगतेय, दादा, तूही हे इथेच वाचतोयस.

त्यानंतर तिने स्वतःपुरते नियम केले. वीस यार्डांच्या पलीकडे बाण सोडायचा नाही. हरीण पूर्ण आडवं उभं असल्याशिवाय नाही. ऊन चढल्यावर तर नाहीच. दोन वर्षं जुलैत ती रिकाम्या हाताने आली आणि मंडळातल्या एका काकांनी "काय शैलाताई, हरणं ओळखायला लागली वाटतं तुम्हाला!" असं म्हटलं तेव्हा ती त्यांच्याहून मोठ्याने हसली. तिसऱ्या वर्षी मिळालं. सोबत मीच होते, मी हट्टाने जायचे आता. पहाटे सहा वाजता बाण, शंभर पावलांच्या आत हरीण, आणि साडेसातला चारही पाय, पाठ, मानेचं मांस बाबांच्या धोतरात बांधून बर्फात. पिशव्या मी धरल्या. हो, मी! सोलताना तिच्या हाताचा वेग बघितला असतात तर थक्क झाला असतात. आधी तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला, काही पुटपुटली, मी विचारलं नाही. पाठीवर बोजा घेऊन उतरणाऱ्या त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईकडे बघून माझी छाती फुगली होती. त्याच्या पुढच्या वर्षी अजून एक मिळालं.

मग कॅन्सर. गेल्या जुलैत, उपचारांच्या दोन फेऱ्यांमधल्या मोकळ्या वेळात, आम्हीच ठरवलं की हिला एकदा डोंगरात न्यायचं. डॉक्टर हो म्हणाले. ईरा सुट्टी काढून आली, दादाने फोल्डिंगची हलकी खुर्ची आणली, मी बर्फ गोठवला. प्रत्येकाच्या मनात होतं की ही शेवटची शिकार. आदल्या दिवशी ती म्हणाली, "आधी रेंजवर चला." तिची एक परीक्षा होती. बाण लावून धनुष्य पूर्ण खेचायचं आणि वीस आकडे होईपर्यंत हात न हलता धरायचं. आम्ही तिघं मागे उभे. पहिल्यांदा खेचताच आलं नाही. दुसऱ्यांदा खेचलं, ईरा हळूहळू मोजत होती… अकराला हात थरथरायला लागला. तिने दोर सावकाश पुढे जाऊ दिला, बाण काढला आणि धनुष्य दादाच्या हातात दिलं.

"खेचायचा जोर कमी करून घेऊ ना," दादा म्हणाला. "स्क्रू फिरवून धनुष्य सैल करता येतं."

"मग बाण आत जायचा नाही. नुसती जखम होईल."

"आई, वन लास्ट टाइम… प्लीज. नाही लागला तर नाही लागला."

"लागला तर?" वहिनी म्हणाली. "अर्धवट लागला तर? माझ्या हौसेपायी त्याने का तडफडावं, बाळा?"

ईरा तिच्या गळ्यात पडून रडली. मी रडले नाही. मी त्या काटकुळ्या, टोपी घातलेल्या बाईकडे बघत होते आणि मला तिचा इतका अभिमान वाटत होता की तो कुठे ठेवू कळेना. सगळं जग तिला तिची शेवटची इच्छा पुरवायला उभं होतं आणि तिने एका न पाहिलेल्या हरणासाठी ती सोडून दिली. आजवर मोठमोठ्या पदांवरची माणसं बघितली, कॉन्सुलेटमध्ये सत्कारही बघितले. एवढं मोठं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

मे महिन्यात ती गेली. आणि जूनच्या शेवटी आमच्याकडे उष्णतेची लाट आली. भर दुपारी वीज गेली, ती संध्याकाळपर्यंत येणार नाही असं कळलं. दादाचा फोन आला, आवाज घाबराघुबरा. "तुझ्याकडे बर्फ आहे का गं? होता नव्हता सगळा घेऊन ये." मी पोचले तर हा गराजमध्ये, घामाने निथळत, छातीशी पुडकं धरून. तिच्या शेवटच्या हरणाचं शेवटचं पुडकं. तिने स्वतः बांधलेलं, तिच्या अक्षरात 'मांडी, रस्सा' लिहिलेलं. आठवड्याभरापासून वीज येतजात होती, फ्रीझर धड चालत नव्हता, आणि पुडकं कडेने मऊ व्हायला लागलं होतं. दादाला ते ठेवायचं होतं. कायमचं. "तिच्या हातचं आहे," म्हणाला. "एवढंच उरलंय."

एरवी मी गप्प बसले असते, तिच्या नवऱ्याचं दुःख आहे म्हणून. पण मी तो ओढा बघितलेला आहे. मी म्हटलं, "दादा, ते सडलं तर ती तुलाही माफ करणार नाही आणि मलाही. एक वाया गेलेलं मी बघितलंय. दुसरं घालवू देणार नाही." मग त्याने पुडकं माझ्या हातात दिलं.

गॅस काडीने पेटवला. साठ वर्षांच्या आयुष्यात मी मांसाला पहिल्यांदा हात लावला, धुतलं, कापलं. वहिनीच्या डब्यातला काळा मसाला घातला, खोबरं भाजून वाटायला मिक्सर नाही म्हणून खलबत्त्यात कुटलं, आणि फोडणीत भरपूर हिंग घातला. ईराला व्हिडिओ कॉल लावून कुकरसमोर फोन उभा केला. ती तिकडून म्हणत राहिली, "आत्या, अजून दोन शिट्ट्या. आई चार करायची." भाकऱ्या थापल्या. दादाला वाढलं. त्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ चावत राहिला. मी जीव मुठीत धरून उभी.

"मीठ कमी पडलंय," तो म्हणाला.

पडणारच ना! चव कोण बघणार होतं? मी मिठाची बरणी आणून त्याच्यापुढे आदळली. फोनमध्ये ईरा खुदकन हसली, मग दादा हसला, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही तिघं एकत्र हसलो. त्याने मीठ घेतलं, तीन भाकऱ्या खाल्ल्या, हाडं चोखली आणि शेवटच्या तुकड्याने ताट पुसून काढलं. कुकर मी घासायला घेतला तेव्हा त्यात थेंबभरसुद्धा उरलं नव्हतं.